हिगिनबॉथम म्हणजे नक्की काय? (एका आडनावाची चौकशी)

निवृत्त_टपाल :
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात धाकट्याकडे चेन्नईला होतो. एका दुपारी माउंट रोडवर (आताचा अण्णा सालै) हिगिनबॉथम्स ह्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो. उंच छताची पांढरी जुनी इमारत, आत गार. पुस्तक काही घेतलं नाही, एक कॅलेंडर घेतलं. बाहेर पडताना सौ. पाटीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ह्याचा अर्थ काय?" मी म्हटलं, आडनाव आहे. ती म्हणाली, "ते कळलं. अर्थ काय?"

३४ वर्षं टपालखात्यात काढली, तऱ्हेतऱ्हेची आडनावं हाताखालून गेली, पण इथे गप्प बसावं लागलं.

आता गंमत पुढेच. परवा मेहुण्याच्या नातीला प्रयागराजजवळ नैनीला शेतकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. संस्थेचं नाव सॅम हिगिनबॉटम विद्यापीठ! म्हणजे मद्रासला बॉथम, नैनीला बॉटम. दोघे एकाच घरातले का? आणि मुळात ह्या शब्दाचा अर्थ काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_काका :
हिगिनच्या बुडाखाली काय दडलंय ते हिगिनलाच विचारा.

चष्मा_हरवला :
पहिल्याच प्रतिसादात काकांनी धाग्याची पातळी ठरवून दिली. वाचतेय.

व्युत्पत्तीवेडा :
काकांचा विनोद सगळं जग करतं, म्हणून आधी तोच मिटवतो. 'बॉटम' म्हणजे इथे दरीचा तळ. दोन टेकड्यांमधली सखल, रुंद, ओलसर जमीन. जुन्या इंग्रजीत 'बोट्म'. उत्तर इंग्लंडात, म्हणजे लँकेशर, चेशर, यॉर्कशर या भागात, डोंगराच्या कुशीतल्या कितीतरी जागांच्या नावांत हा शब्द आहे. माणसाच्या बैठकीसाठी इंग्रज तो वापरायला लागले अठराव्या शतकाच्या अखेरीस. आडनावं त्याच्या चार-पाचशे वर्षं आधीची. म्हणजे ज्याचं आडनाव बॉटम पडलं, त्याला त्याच्या हयातीत कोणी हसलं नसणार. हसू आलं ते त्याच्या खापरपणतवंडांना.

'हिगिन' सोपं आहे. रिचर्डचं लाडाचं नाव रिक, रिकचं हिक, हिकचं हिगिन. तेव्हा हिगिनबॉटम म्हणजे 'हिगिनची दरी'. विषय संपला.

घडीची_पोळी :
रिकचं हिक कसं होतं? आमच्याकडे बाळकृष्णाचा बाळू होतो, हाळू होत नाही.

व्युत्पत्तीवेडा :
मध्ययुगीन इंग्रजांना लाडाच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून यमक जुळवायची खोड होती. रिचर्डचं रिक, त्याचं हिक आणि डिक. रॉबर्टचं रॉब, त्याचं हॉब आणि डॉब. त्यातूनच हिक्स, डिक्सन, हॉब्स, डॉब्सन, हिगिन्स ही सगळी आडनावं आली. एका रिचर्डच्या पोटी अर्धा फोनबुक.

यॉर्कर :
आमच्या पिढीला ह्या कुटुंबातले दोन जण पाठ आहेत हो! रायन साइडबॉटम आठवतो का? कुरळ्या लांब केसांचा डावखुरा गोलंदाज. २००८ मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली होती. त्याचे वडील आर्नी साइडबॉटमही इंग्लंडकडून खेळले, पण एकच कसोटी, १९८५ ची ट्रेंट ब्रिजची. आणि हे गृहस्थ त्याआधी मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉलही खेळले होते.

समालोचकाने "साइडबॉटम फ्रॉम द पॅव्हेलियन एंड" म्हटलं की आमच्या खोलीवर हशा पिकायचा. व्युत्पत्तीवेडा, ह्यातला साइड म्हणजे बाजूच ना?

व्युत्पत्तीवेडा :
नाही. तो जुना 'सीड', म्हणजे रुंद, ऐसपैस. साइडबॉटम म्हणजे रुंद दरी. लाँगबॉटम म्हणजे लांब दरी. रोबॉटम म्हणजे खडबडीत दरी. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं चारायची दरी. आणि तुम्ही दोन म्हणालात, दुसरा कोण?

यॉर्कर :
दुसरा तुम्हीच ओळखा. धागालेखकांनी 'बॉथम' आणि 'बॉटम' एकच का विचारलंय, मी तेवढ्यावरूनच सांगतोय.

व्युत्पत्तीवेडा :
अरे देवा. इयन बोथम! बरोबर. उत्तरेत ह्या शब्दाचा 'बोथम'सारखाही उच्चार होता, त्यामुळे बॉटम आणि बोथम ही एकाच आडनावाची दोन रूपं आहेत. इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं आणि दिसलं नाही.

पॅव्हेलियनची_पायरी :
बोथमचं नाव निघालंच आहे तर हा म्हातारा बोलणार. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली, मी आणि माझा थोरला भाऊ डबा घेऊन गेलो होतो. बोथमने शतक ठोकलं, ११४, आणि दोन्ही डावांत मिळून १३ बळी घेतले. एका कसोटीत! टेलरने यष्ट्यांमागे १० झेल घेतले. त्याच सामन्यात आपला कप्तान विशीने (गुंडप्पा विश्वनाथने) पंचाने बाद दिलेल्या टेलरला परत बोलावलं होतं, ते वेगळंच.

भाऊ घरी येताना पूर्ण लोकलभर एवढंच म्हणत होता, "बोथमने आपली पार वाट लावली." त्या माणसाचं आडनाव 'दरी' आहे हे तेव्हा कळलं असतं तर म्हणालो असतो, त्याने आपल्याला दरीत ढकललं.

खडूस_काका :
लोकलमध्ये तुम्ही 'बॉटम' म्हणाला असतात तर चौथी सीटही मिळाली नसती.

अहिर्बुध्न्य_पुणे :
माझा आयडी बघून कोणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होतो. पंचांगात उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता बघा: अहिर्बुध्न्य. तळाशी, खोल पाण्यात राहणारा सर्प. त्यातला 'बुध्न' म्हणजे तळ, मूळ. हा संस्कृत 'बुध्न' आणि इंग्रजी 'बॉटम' हे एकाच आदिम मुळाचे फाटे आहेत. लॅटिनमधला 'फुंडुस' तोच. आणि आपला झाडाचा बुंधा हासुद्धा ह्याच बुध्नाचा वंशज.

म्हणजे ह्या हिशोबाने वेदांमधला सर्प आणि इयन बोथम चुलतभाऊ.

चष्मा_हरवला :
बोथम आणि अहिर्बुध्न्य! मी आज हे वाक्य बाबांना वाचून दाखवणार.

समुद्रकाठ :
झालं सुरू. इंग्रजी शब्द दिसला की तो संस्कृतातून गेला असं सांगणारा एक माणूस प्रत्येक धाग्यावर असतोच.

अहिर्बुध्न्य_पुणे :
'गेला' कुठे म्हटलंय? 'फाटे' म्हटलंय. माझा चुलतभाऊ माझ्यापासून जन्मलेला नसतो. दोघांचे आजोबा एक असतात, एवढंच. वाचून मग चिडावं.

समुद्रकाठ :
ठीक. फाटे मान्य. पण मग मराठीतलं 'बूड' बघा ना, त्याचा ह्याच्याशी संबंध लावायची गरजही नाही. पातेल्याचं बूड, विहिरीचं बूड आणि "जरा बूड टेका की". तिन्ही आपण रोज म्हणतो. तळ म्हटला की भाषा हळूच माणसाच्या तळाकडे वळतेच. इंग्रजांनी काही वेगळं केलेलं नाही.

घडीची_पोळी :
आमच्या सासूबाई म्हणायच्या, "दूध बुडाला लागलं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कुणाच्या, असं विचारणार होते.

पोटोमॅकच्या_काठी :
मी वॉशिंग्टनमध्ये रोज 'फॉगी बॉटम' स्टेशनवर उतरते. आईबाबा आले होते तेव्हा मेट्रोत ती घोषणा ऐकून बाबांनी दोनदा कान पुसले. तिथेही अर्थ हाच: नदीकाठची सखल जमीन, धुकं साठायचं, पूर्वी कारखान्यांचा धूरही. आता तिथे परराष्ट्र खात्याचं मुख्यालय आहे, त्यामुळे बातम्यांत 'फॉगी बॉटमची भूमिका' असं खुशाल म्हणतात. डेट्रॉइटला 'ब्लॅक बॉटम' नावाची वस्ती होती, तीही तिथल्या काळ्या सुपीक मातीवरून. दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना नदीकाठची जमीन 'बॉटमलँड' म्हणजे लाख मोलाची. आपल्याकडे मळईची जमीन म्हणतात तसं.

बोल्टनवासी :
तीन दिवस कामात होतो, आत्ता धागा बघितला. व्युत्पत्तीवेडा, विषय संपलेला नाही. हिगिनबॉटममध्ये रिचर्ड, रिक, हिक, कोणीही नाही.

मी राहतो बोल्टनला, मँचेस्टरच्या वर. आमच्या गावाच्या पूर्वेला 'ओकनबॉटम' नावाची जागा आहे. हिगिनबॉटम हे आडनाव ह्या ठिकाणावरून आलं. मूळ शब्द 'ओकन', म्हणजे ओक झाडाचा. ओक झाडांची दरी. मग स्थानिक उच्चारात त्याचं ईकनबॉटम झालं, पुढे इकनबॉटम. आता गंमत बघा: इकडच्या बोलीत 'हिकिन' किंवा 'हिगिन' म्हणजे रोवन, लाल फळांचे घोस लागणारं एक छोटं डोंगरी झाड. लोकांना इकन कळेना, हिगिन कळत होतं. त्यांनी ओक उपटून रोवन लावलं. असा हिगिनबॉटम झाला.

'हिगिन्स' हे आडनाव रिचर्डवरूनच, त्यात तुम्ही चूक नाही. पण हिगिनबॉटमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. कानाला सारखं लागलं म्हणून नातं लागत नाही.

व्युत्पत्तीवेडा :
शरणागती. "विषय संपला" हे वाक्य मागे घेतो. शब्दाचा आजचा चेहरा बघून कूळ सांगू नये हे मी इतरांना सांगत असतो, आणि स्वतः तेच केलं. जुनी रूपं बघायला हवी होती.

खडूस_काका :
थांबा थांबा. म्हणजे हे सगळे ओकांच्या बुडाखालचे?

ओक_दापोली :
कुणी हाक मारली?

हसा. पण एक सांगतो. शाळेत माझं आडनाव पुकारलं की मागच्या बाकावरून उलटीचा आवाज यायचा. दहा वर्षं. मग नोकरीनिमित्त लीड्सला गेलो, पहिल्याच दिवशी साहेबाने हस्तांदोलन करत विचारलं, "ओक? झाडासारखं ओक?" मी क्षणभर थांबलो आणि "हो" म्हणालो. त्याने इतक्या आदराने मान हलवली की मला तिथल्या तिथे पारंब्या फुटल्या. एका भाषेत ओकारी, दुसऱ्या भाषेत वृक्षराज. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा एक रॅम्सबॉटम. त्याची कथा माझ्या उलटी.

आडवाटेचा_वाटसरू :
पारंब्या वडाला फुटतात ओकसाहेब.

ओक_दापोली :
भावना समजून घ्या.

बोल्टनवासी :
रॅम्सबॉटम तर आमच्या शेजारचं गावच आहे. लोक लाडाने 'रॅमी' म्हणतात. अर्थ दोन सांगतात: मेंढ्यांची दरी किंवा रानलसणीची दरी. वसंतात इकडच्या ओढ्याकाठच्या झाडीत शिरलं की लसणीची फोडणी बसल्यासारखा वास येतो, म्हणून माझं मत लसणीला.

अवांतर: त्या गावात दर सप्टेंबरात एका पबबाहेर ब्लॅक पुडिंग फेकायची जागतिक स्पर्धा असते. ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताची सॉसेज, लँकेशरचा अभिमान. ती फेकून वर वीस फुटांवर रचलेली यॉर्कशर पुडिंगं पाडायची. दोन शेजारी प्रांतांचं जुनं वैर असं जेवणाच्या ताटातून निघतं. मी गेलो होतो, लांबून बघितलं. शाकाहारी माणसाने ह्याहून जवळ जाऊ नये.

मोरपंखी_सातारा :
मला ह्यात सगळ्यात ओळखीचं वाटलं ते म्हणजे हे आपलं 'कर' प्रकरण आहे. ओकनबॉटममध्ये राहणाऱ्याला ओकनबॉटम कोण म्हणणार? तिथे सगळेच तिथले. तो गाव सोडून दुसरीकडे गेला तेव्हा नव्या गावाने विचारलं, कुठला रे तू? आणि उत्तर त्याला कायमचं चिकटलं. आमच्याकडे तरी काय, वाईत कोणी स्वतःला वाईकर म्हणवत नाही. वाईकर पुण्यात भेटतात.

आणि नंतर कारकुनाच्या कानावर सगळं. आमच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर एका ऱ्हस्वाने, शाळेच्या दाखल्यावर एका दीर्घाने. तिकडे चर्चच्या वहीत लिहिणाऱ्यानेही असंच केलं असणार.

बोल्टनवासी :
अगदी तेच. १५३८ साली इंग्लंडात प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ह्यांची नोंदवही ठेवायचा हुकूम निघाला. आता शेतकऱ्याला लिहिता येत नाही, पाद्री दुसऱ्या मुलखाचा, दरवेळी तो ऐकेल तसं लिहिणार. एकाच घराण्यात बापाचं स्पेलिंग एक, लेकाचं दुसरं. त्यामुळे बॉटम की बॉथम ह्यावरून घराणी वेगळी ठरवता येत नाहीत. अजूनही 'बॉथम' असं लिहून 'बॉटम' म्हणणारी कित्येक घरं आहेत.

घडीची_पोळी :
म्हणजे ते 'थ' मुद्दाम लाज झाकायला घातलेलं नाही?

बोल्टनवासी :
मुळात नाही, बोलीतूनच आलं. पण पुढे शब्दाचा अर्थ घसरला तेव्हा ज्यांच्याकडे 'थ' आयता होता, ते सुटले. साइडबॉटम मंडळींकडे तो नव्हता, म्हणून त्यांच्यातले काही जण स्वतःला 'सिडीबोटोम' म्हणवून घेतात. फ्रेंच-इटालियन वाटावं असं.

सव्वाशे_पानी_वही :
नावं टाकूनही देतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या रिचर्ड वेबर यांनी १८८१ ची जनगणना आणि २००८ ची नावं ताडून बघितली होती. त्यात शफलबॉटम आडनावाची माणसं ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. लोकसंख्या एवढी वाढूनही! चेष्टा होणारी आडनावं गळत जातात, कुणी बदलतं, कुणी लग्नात दुसऱ्याचं घेतं.

आणि बिचाऱ्या शफलबॉटमचा खरा अर्थ ऐका. मेंढ्या धुवायच्या जागेची दरी! लोकर कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात धुवायचे, त्याला 'शीपवॉश' म्हणायचे. त्याचं शिपर झालं, मग शफल झालं. इतकं कष्टाचं, ओलंचिंब, बें बें करणारं आडनाव, आणि लोकांना दिसतो फक्त ढुंगण हलवत चालणारा माणूस.

चष्मा_हरवला :
मेंढ्यांचं ऐकून खरंच वाईट वाटलं.

दीक्षित_मूळचा_मिरजेचा :
आडनावाची लाज आणि स्पेलिंग हा विषय निघाला, तेव्हा मला हजेरी लावणं भाग आहे. दीक्षित, दीक्षा घेतलेला, यज्ञ करणारा. हे आडनाव इंग्रजीत सरळ सरळ अक्षर लावून लिहा आणि परदेशी विमानतळावर मोठ्याने वाचू द्या. माझ्या पासपोर्टवर तसंच होतं. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं, थांबल्या, पुन्हा वाचलं आणि मग फक्त पहिल्या नावाने हाक मारली. चुलत्याने मात्र आधीच एक्स घालून घेतलेलं. आम्ही लहानपणी त्याला हसायचो, नसतं फॅड म्हणून. आता कळतंय, तो आमच्या घराण्यातला 'थ' होता.

खडूस_काका :
दीक्षित आणि बॉटम, एकाच समस्येची दोन टोकं. आणखी लिहीत नाही, संपादक जागे आहेत.

आडवाटेचा_वाटसरू :
इंग्रजांच्या लिहिण्या-बोलण्यातल्या अंतरावर एक सांगू? फेदरस्टनहॉ असं लिहितात आणि काही घरं त्याचा उच्चार 'फॅनशॉ' करतात. चोल्मोंडेली लिहितात, 'चमली' म्हणतात. आपण चमचा आणि चहा ह्यांच्या 'च'वरून अमराठी मित्रांना छळतो, ती शिक्षा अगदीच सौम्य आहे.

निवृत्त_टपाल :
धाग्याचं एवढं मोठं झाड होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पण माझा एक प्रश्न तसाच राहिला. मद्रासचे बॉथम आणि नैनीचे बॉटम, ह्यांचं नातं काय?

सव्वाशे_पानी_वही :
आडनाव एकच, उगम एकच. माणसं वेगळ्या काळातली, वेगळ्या वाटेने आलेली.

मद्रासचे एबल जोशुआ हिगिनबॉथम. त्यांच्याबद्दलची आख्यायिका अशी की ते बिनतिकीट जहाजात लपून बसले होते आणि पकडले गेल्यावर कप्तानाने मद्रासला उतरवून दिलं. तिथे मिशनऱ्यांच्या पुस्तकाच्या दुकानात ग्रंथपाल म्हणून लागले. दुकान तोट्यात गेलं, विकायला काढलं, ते ह्यांनीच घेतलं. साल १८४४. पुढे हे गृहस्थ मद्रासचे शेरीफही झाले. तुम्ही बघितलीत ती इमारत १९०४ ची.

सॅम हिगिनबॉटम जन्मले मँचेस्टरला, १८७४ मध्ये. अमेरिकेत शिकले, १९०३ ला मिशनरी म्हणून अलाहाबादला आले आणि अर्थशास्त्र शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की पोरांना आधी नांगर कळला पाहिजे. १९१० मध्ये यमुनेपलीकडे नैनीला शेतकी संस्था काढली. मँचेस्टर ते बोल्टन अंतर किती, ते बोल्टनवासी सांगतील.

बोल्टनवासी :
लोकलने वीसेक मिनिटं. म्हणजे सॅमचं घराणं आडनावाच्या गावापासून फारसं हललंच नव्हतं. हललं ते एकदम नैनीला.

वर्धा_जंक्शन :
आमच्या वर्ध्याचाही ह्यात एक तुकडा आहे. गांधीजींनी १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ काढला, मुख्यालय वर्ध्यात, मगनवाडीला. त्याच्या सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ आहेत, जगदीशचंद्र बोस आहेत, रामन आहेत आणि सॅम हिगिनबॉटमही आहेत. शाळेच्या सहलीत मगनवाडी बघितली होती, तेव्हा घाणीचं तेल आणि हातकागद एवढंच डोक्यात राहिलं.

स्टेशनवरचा_चहा :
हिगिनबॉथम म्हटलं की मला फक्त रेल्वे आठवते. वडील रेल्वेत होते, पासावर फिरायचो. आपल्याकडच्या प्रत्येक फलाटावर व्हीलरचा पुस्तकांचा स्टॉल. दक्षिणेकडे गाडी गेली, इडलीवाले ओरडायला लागले की स्टॉलच्या कपाळावरचं नाव बदललेलं असायचं: हिगिनबॉथम्स. मला वाटायचं मद्रासी लोक व्हीलरला हिगिनबॉथम म्हणतात. अरक्कोणमला वडिलांनी तिथून एक इंग्रजी कॉमिक घेऊन दिलं होतं, मधली चार पानं नव्हती.

आणि हा व्हीलरही मूळ अलाहाबादचाच, १८७७ चा. त्याचं आडनाव तरी सोपं, चाकं करणारा सुतार. रेल्वेला शोभेल असं.

निवृत्त_टपाल :
बोल्टनवासी, एक विनंती. ते ओकनबॉटम अजून आहे म्हणता, तर एकदा तिथे जाऊन दरी दिसते का ते सांगाल? सौ. विचारतेय. मी नाही.

बोल्टनवासी :
काकूंचा हुकूम, म्हणून शनिवारी जाऊन आलो.

'ओकनबॉटम रोड' अशी पाटी आहे, पांढऱ्यावर काळी अक्षरं, खालचा कोपरा गंजलेला. दोन्ही बाजूंना विटांची घरं, प्रत्येकाच्या दारात तीन-तीन रंगांचे कचऱ्याचे डबे, एकीच्या खिडकीत मांजर. पाऊस होता, म्हणजे नेहमीचंच हवामान. दरी म्हणून काही दिसत नव्हती. पण रस्ता ओला होता ना, त्यामुळे पाणी कुठे जातंय ते दिसत होतं. फुटपाथच्या कडेने बारीक धार एका दिशेने वाहत होती, तिच्या मागे चालत गेलो. उतार लागला, पाय आपोआप भरभर पडायला लागले, हवा एकदम गार झाली. वळून बघितलं तर घरांची छपरं डोक्याच्या वर. तेव्हा कळलं की आपण बॉटममध्ये उभे आहोत.

ओकचं झाड शोधलं. एकाच्या परसात एक मोठं झाड होतं, ओकच होतं असं शपथेवर सांगणार नाही. कुंपणापाशी मान उंच करून पानं बघत होतो तर घरातून एक आजी आल्या, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, नाही, भारतातल्या एका काकूंना ह्या जागेच्या नावाचा अर्थ हवाय. त्यांनी छत्रीखालून माझ्याकडे बघितलं आणि चहा विचारला. पाच मिनिटांत शेजारच्याही आल्या.

ओक_दापोली :
माझं नाव सांगायचं होतं. जेवूनच आला असतात.

निवृत्त_टपाल :
बोल्टनवासी, तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. धारेमागे चालत गेलात तो भाग दोनदा वाचायला लावला. मग मी तिला सगळं जुळवून सांगितलं की बघ, ओक म्हणजे तिकडचा आपला वडच समज, बॉटम म्हणजे खोरं, आणि ते गाव सोडून आलेले, तेव्हा झाले वडखोरेकर.

ती म्हणाली, "मग पाटीवर सरळ तसं लिहायला काय झालं होतं?"

कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलंय. वर छापलेल्या नावाखाली तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: वडखोरेकर आणि मंडळी, मद्रास.